आईच्या घराला १५ हजार घरपट्टीची नोटीस : हरकत कशी घ्यायची?

ओसरीवरची (९ डिसेंबर, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. माझं माहेर तालुक्याच्या गावी, नगरपरिषद हद्दीत. जुन्या पेठेतलं घर, दीड हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. बाबा गेल्यापासून आई एकटीच राहते. घरपट्टी २,७४० यायची, ती मार्चआधी भरून पावती देवघराच्या फळीवर ठेवायची, एवढाच आमचा नगरपरिषदेशी संबंध.

परवा चतुर्थ वार्षिक करआकारणीची नोटीस आली. मध्यंतरी एका खाजगी एजन्सीची दोन मुलं घर मोजून गेली होती, आईने त्यांना चहाही दिला होता. नोटिशीत दोन ओळी आहेत:

निवासी, आरसीसी, ९२.०० चौ. मी., दरमहा ३० रु. प्रति चौ. मी.
वाणिज्य, आरसीसी, १५.०० चौ. मी., दरमहा ९० रु. प्रति चौ. मी.

वार्षिक भाडेमूल्य ४९,३२०, त्यातून १० टक्के वजा, करयोग्य मूल्य ४४,३८८. सगळे उपकर धरून कर १५,०७२ रुपये. आईचं फॅमिली पेन्शनही नाही, बाबा शिंपीकाम करायचे. हरकतीला तीस दिवस दिलेत. काय लिहायचं, कुणाला भेटायचं? आणि आमच्या घरात आरसीसी आणि वाणिज्य नेमकं कुठे आहे, हे कळेल का कुणाला?

सरळमार्गी (९ डिसेंबर, रात्री ११:०५)

राग मानू नका, पण २,७४० मध्ये वर्षभर कचरागाडी, दिवे, गटार? आमच्या सोसायटीचं महिन्याचं मेंटेनन्स याहून जास्त आहे. चार वर्षांनी आकारणी वाढणारच.

ओसरीवरची (९ डिसेंबर, रात्री ११:२०)

वाढीला ना नाहीच हो. घरात नसलेल्या दुकानाची घरपट्टी का भरायची, एवढंच विचारतेय.

लालफीत_निवृत्त (१० डिसेंबर, सकाळी ६:१५)

ताई, मी २९ वर्षं नगरपरिषदेच्या कर विभागात कारकुनी केली, आता पेन्शनीत आहे. आधी एक समजून घ्या. नोटिशीच्या तळाला जो आकडा आहे, त्याच्याशी भांडून काही मिळत नाही. तो नुसता गुणाकार आहे. भांडायचं ते वरच्या रकान्यांशी. क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, वापर आणि झोन (म्हणजे घर गावाच्या कुठल्या भागात येतं), हे चार. यातला एक बदलला की खालचा आकडा आपोआप खाली येतो.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्राचा १९६५ चा नगरपरिषद अधिनियम. घर वर्षभर भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल, ते धरायचं आणि दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. तुम्ही स्वतः राहता की भाड्याने देता, हा प्रश्न यात येत नाही, भाडेकरू कल्पनेतला असतो. पण घर खरं असावं लागतं. कौलारू घराला स्लॅबच्या घराचं भाडं कुणी देईल का?

कलम ११९ खाली लेखी हरकत मुदतीत गेली पाहिजे, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. मुदत चुकली तर पुढचं कलम १६९ चं अपीलही हातचं जातं, कारण हरकत घेतलेली असणं ही अपिलाची अटच आहे. सुनावणी प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी घेतात. ते बहुतेक वेळा नगररचना विभागाचे सहायक संचालक असतात, म्हणजे नगरपरिषदेचा माणूस नव्हे. त्यांना तुमच्या गावातलं कुणी ओळखीचं नसतं. हे आपल्या फायद्याचंच धरा.

चुना_कात (१० डिसेंबर, सकाळी ९:३२)

एवढं कशाला? एजन्सीच्या पोराला गाठा, दोन हजारात काम होतं.

लालफीत_निवृत्त (१० डिसेंबर, सकाळी ९:५०)

त्या पोराने मोजून दिलं की त्याचं काम संपलं. यादीत खाडाखोड करायचा अधिकार त्याला नाही. दोन हजारही जातील आणि तीस दिवसही.

ओसरीवरची (१३ डिसेंबर, दुपारी ३:१०)

गावी जाऊन आले. लालफीत काकांनी सांगितलेले चार रकाने तपासायला आधी नगरपरिषदेत आकारणी यादी बघितली. फुकट बघू देतात आणि उतरवूनही घेऊ देतात, हे मला माहीतच नव्हतं. आमच्या घराच्या मोजणीचा कच्चा नकाशाही दाखवला. मग घरी येऊन टेप काढला. एक टोक आईच्या हातात, दुसरं माझ्या. माजघरात टेप मध्येच झोळ खायचा, आई म्हणायची, "ताण की, पातळ वाळत घालतेयस का?"

निघालं ते असं. नोटिशीवर छापलंय "चटई क्षेत्र", म्हणजे भिंती सोडून आतली जागा, आणि मुलांनी मोजलंय बाहेरून! म्हणजे आमच्या भिंती ते भाड्याने देणार. बाहेरून घर ९३ भरतं, आतून सगळ्या खोल्या मिळून ७४. वर मागच्या अंगणातला पत्रा, तीन बाजूंनी उघडा, खाली लाकडं आणि सायकल, तो १४. ९३ आणि १४ मिळून १०७, म्हणजे त्यांचे ९२ अधिक १५. आकडा बरोब्बर जुळला तेव्हा मला शाळेत गणित सुटल्यासारखं वाटलं.

वाणिज्यचं कोडंही सुटलं. रस्त्याकडच्या खोलीत बाबांचं टेलरिंगचं दुकान होतं. बंद होऊन बारा वर्षं झाली, पण दारावर "लेडीज अँड जेन्ट्स टेलर्स" ही पत्र्याची पाटी अजून आहे. पोरांनी पाटी वाचली आणि दुकान लिहून टाकलं. आत आईचा पलंग आहे. आरसीसीचं मात्र अजून कळलं नाही.

पिंपळपार (१३ डिसेंबर, दुपारी ४:००)

पाटी आजच काढा. सुनावणीआधी स्थळपाहणी झाली तर पंचाईत.

ओसरीवरची (१३ डिसेंबर, दुपारी ४:२५)

आई काढू देत नाही.

लालफीत_निवृत्त (१३ डिसेंबर, सायंकाळी ६:४०)

राहू द्या पाटी. वापर कागदाने सिद्ध होतो. खोलीचं वीजबिल घरगुती दराचं आहे का? गुमास्ता परवाना कधी संपला? आतला फोटो काढा, पलंग दिसू दे, आणि त्यात बाहेरचा रस्ताही दिसेल असा कोन धरा, म्हणजे तीच खोली हे कळतं.

आरसीसीचं सांगतो. घराच्या मागे कुठे स्लॅबची न्हाणी किंवा खोली आहे का? मोजणीवाल्यांच्या मोबाइलमध्ये घराला एकच प्रकार निवडता येत असेल तर ते जड बाजूचा निवडतात.

ओसरीवरची (१३ डिसेंबर, सायंकाळी ७:०२)

काका, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का? १९९८ साली मागे स्लॅबची खोली आणि न्हाणी बांधली होती. आतून १२ चौ. मी.

गावठाण (१४ डिसेंबर, सकाळी ८:२०)

आमच्याकडे ग्रामपंचायत आहे. हेच सगळं लावायचं का?

लालफीत_निवृत्त (१४ डिसेंबर, सकाळी ८:४५)

नाही. ग्रामपंचायतीत २०१५ च्या दुरुस्तीनंतर भाडं नव्हे, भांडवली मूल्य. जमिनीचा आणि बांधकामाचा रेडीरेकनरचा (सरकारी दरपत्रकाचा) दर, घसारा (वयानुसार घट) आणि वापराचा भारांक. तिथे क्षेत्र आणि वापराबरोबर घराचं वय तपासा. नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीचा) उतारा काढा. चाळीस वर्षांचं घर नवं धरलं असेल तर घसारा बुडाला.

कोथरूड_ते_स्वारगेट (१४ डिसेंबर, सकाळी १०:१०)

पुण्यात तर ४० टक्के सवलतीचं रामायण. १९७० पासून स्वतः राहणाऱ्यांना मिळत होती, मध्येच काढली, बिलं फुगली, बोंबाबोंब झाल्यावर २०२३ मध्ये परत आली. पण ज्यांची गेली होती त्यांनी पीटी-३ अर्ज भरायचा. माझ्या मेहुण्याने भरला नाही आणि वर सरकारच्या नावाने बोटं मोडतो.

काळा_कोट (१४ डिसेंबर, दुपारी १२:३०)

मुंबईकरांसाठी थोडक्यात. तिथे २०१० पासून भांडवली मूल्य पद्धत आहे. नियमांतले २०, २१, २२ हे उच्च न्यायालयाने रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणं कायम केलं. ज्यांची जुनी तक्रार पडून आहे त्यांनी हे वाचावं. ५०० चौ. फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफी आहे, त्यांनी निवांत झोपावं.

ओसरीवरची, लालफीत काका दराबद्दल काही बोलले नाहीत. १९८० चा दिवाण दौलतराय कपूर विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका हा निकाल आहे. भाडेनियंत्रण लागू असेल तिथे वाजवी भाडं प्रमाण भाड्याच्या (त्या कायद्याने ठरणाऱ्या भाड्याच्या) वर धरता येत नाही, मालक स्वतः राहत असला तरी. तेव्हा ३० रुपये दर कुठल्या भाडेकरारांवरून काढला, ते विचारा.

लालफीत_निवृत्त (१४ डिसेंबर, दुपारी १:१५)

वकीलसाहेब, मुद्दा खरा. पण झोनचा दर सगळ्या पेठेला एकच असतो. एका म्हातारीसाठी अधिकारी तो सुनावणीत हलवत नाहीत. पेठेने मिळून घेण्याची हरकत आहे ती. ताईंनी एका ओळीत लिहून ठेवावी, म्हणजे अपिलात मुद्दा जिवंत राहतो. भर मात्र मोजमापावर.

काळा_कोट (१४ डिसेंबर, दुपारी १:२२)

मान्य.

ओसरीवरची (२० डिसेंबर, रात्री ९:५०)

मसुदा टाकतेय, बघा.

"महोदय, माझी आई वृद्ध व विधवा असून तिला कोणताही आधार नाही. वडिलांच्या निधनानंतर अत्यंत हलाखीत दिवस काढत आहोत. वाढीव कर अन्यायकारक असून तो रद्द करून सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा..."

लालफीत_निवृत्त (२१ डिसेंबर, सकाळी ६:०५)

ताई, खरं असेल सगळं, पण फाडून टाका. असे अर्ज गठ्ठ्याने येतात आणि गठ्ठ्यानेच निघतात. "कर जास्त आहे" याला अधिकारी एकच शेरा मारतो, "आकारणी नियमानुसार, कायम". त्याला शेरा मारता येणार नाही असं लिहा:

"१. नोटिशीत चटई क्षेत्र १०७.०० दाखवले आहे. प्रत्यक्ष चटई क्षेत्र ७४.००. मोजमाप बाहेरील भिंतींपासून घेतले आहे. खोलीवार मापे सोबत. २. मागील १४.०० चौ. मी. हे तीन बाजूंनी उघडे पत्र्याचे छप्पर आहे, त्याची आकारणी त्या प्रकाराने व्हावी. ३. १२.०० चौ. मी. वगळता बांधकाम दगड-मातीचे, कौलारू. छताचे फोटो सोबत. ४. वाणिज्य वापर नाही. वीजबिल व फोटो सोबत. ५. झोनचा दर कोणत्या भाड्यांवरून ठरवला त्याचा तपशील मिळावा. ६. स्थळपाहणी करावी व सुनावणीस बोलवावे."

संपलं. खाली आईंची सही. दोन प्रती, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, "साहेब जेवायला गेलेत" म्हटलं तरी.

आणि हो, बारा चौरस मीटरचा स्लॅब लपवू नका. तो तुम्हीच सांगितलात की बाकीचे आकडे खरे वाटतात.

पिंपळपार (२१ डिसेंबर, सकाळी ११:००)

आमच्या समोरचा तीन मजली बंगला निवासी लावलाय आणि खाली चक्क क्लास चालतो. अर्जात तेही टाकावं का, तुलना म्हणून?

लालफीत_निवृत्त (२१ डिसेंबर, सकाळी ११:३०)

तुलना दराची आणि प्रकाराची करा. "आमच्यासारख्याच कौलारू घरांना लोडबेअरिंग (भार भिंतींवर असलेलं बांधकाम) लावलंय, मालमत्ता क्रमांक अमुक-तमुक." शेजाऱ्याचं कमी का म्हणून विचारलंत तर अधिकारी तुमचं कमी करत नाहीत, त्याचं वाढवतात. आणि मग त्याच्या दारावरून तुम्हाला रोज जायचंय.

यॉर्कशायरी (२१ डिसेंबर, दुपारी ४:४५)

इंग्लंडमध्येही हीच गंमत. इथे कौन्सिल टॅक्सचे ए ते एच गट आहेत आणि गट ठरतो १ एप्रिल १९९१ ला घराची किंमत काय झाली असती त्यावरून! ज्या घराचा पाया २०१५ ला खणला त्याचीही १९९१ ची किंमत काढतात. गटाला आव्हान देता येतं, पण तपासताना गट वरही जाऊ शकतो, आणि शेजाऱ्यांचाही. आमच्या गल्लीत एकाने अर्ज केला तेव्हा बाकीचे आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हते.

निनावी_कौल (२२ डिसेंबर, रात्री ८:१०)

घाबरत विचारतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक खोली परवानगीशिवाय आहे. आकारणीत क्षेत्र २० मीटरने जास्त लागलंय. हरकत घेऊ का?

लालफीत_निवृत्त (२२ डिसेंबर, रात्री ९:००)

आधी स्वतः मोजा. स्थळपाहणी झाली तर ती खोलीही मोजली जाईल. अनधिकृत बांधकामाला कराच्या दुपटीएवढी शास्ती लागू शकते, आणि कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. वजाबाकी करून बघा, मग ठरवा. याहून जास्त इथे लिहीत नाही.

ओसरीवरची (११ फेब्रुवारी, सायंकाळी ५:३०)

सुनावणी झाली! खालच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, टोकन नंबर ६१, ११ ची वेळ आणि नंबर लागला सव्वातीनला. आईने पिशवीत दशम्या आणल्या होत्या, शेजारच्या दोघांनाही दिल्या.

आमच्या आधीचे एक काका अधिकाऱ्यांवर इतके ओरडले की शिपाई आत आला. पंधरा मिनिटं गेली, हाती काही नाही. आमचं चार मिनिटांत. साहेबांनी खोलीवार मापांचा कागद स्वतःकडे ओढला, कच्च्या नकाशाशी ताडून बघितला आणि कारकुनाला विचारलं, "हे बाहेरून घेतलंय का?" तो गप्प. मग फोटो. त्यात पाटी दिसत होतीच.

"दुकान बंद आहे तर पाटी कशाला ठेवलीय?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "साहेब, आत मी झोपते. पाटीला भाडं कोण देतंय?"

ते हसले नाहीत, पण त्यांनी काहीतरी लिहिलं. स्थळपाहणीचा आदेश झाला. दोनच दिवसांनी कनिष्ठ अभियंता येऊन पुन्हा मोजून गेला, यावेळी आतून. त्यालाही चहा झाला.

चुना_कात (११ फेब्रुवारी, सायंकाळी ६:००)

आज्जींना नगरसेवक करा.

ओसरीवरची (१९ मार्च, रात्री १०:१५)

निर्णय हातात आला. लोडबेअरिंग ६२ मीटर २० रुपयांनी, आरसीसी १२ मीटर ३० नी, पत्रा १४ मीटर १० नी. भाडेमूल्य २०,८८०, करयोग्य १८,७९२. वाणिज्य शून्य. माझ्या हिशेबाने कर ५,८२६ यायला हवा. दराच्या मुद्द्यावर "झोननिहाय दर कायम" एवढंच. उघड्या पत्र्याला आकारणी लागायलाच नको असं मला वाटतं, पण १,६८० च्या भाडेमूल्यासाठी अपिलात जायचं का?

काळा_कोट (१९ मार्च, रात्री १०:४०)

अपिलाला बिल मिळाल्यापासून पंधरा दिवस, आणि मागितलेली रक्कम आधी भरायची. पत्र्यामुळे वाढलेला कर वर्षाला पाचशेच्या आत आहे. तुमचं गावी एकदा जाणं-येणंच तेवढं होईल. मी तर जाणार नाही.

ओसरीवरची (८ एप्रिल, दुपारी १२:०५)

बिल आलं, ५,८२६ नाही, ६,२६३! बरोब्बर ४३७ जास्त. शोधलं तर रोजगार हमी कर लावलाय, आणि तो बिगरनिवासीलाच असतो ना? वाणिज्य क्षेत्र शून्य, तरी कर आहे.

लालफीत_निवृत्त (८ एप्रिल, दुपारी १२:२०)

निर्णय कागदावर उतरला, संगणकात अर्धाच उतरला. क्षेत्र बदललं, उपकराचा जुना आकडा तसाच राहिला. यासाठी अपील नको. निर्णयाची प्रत जोडून कर विभागाला साधा दुरुस्ती अर्ज द्या. पण "दुरुस्त होईपर्यंत भरत नाही" असं करू नका, थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. दुरुस्ती लवकर झाली नाही तर हरकत कायम ठेवून भरत असल्याचं पत्र द्या आणि भरा.

ओसरीवरची (१६ एप्रिल, सायंकाळी ७:४५)

झालं. आई एकटीच जाऊन आली. खिडकीतल्या मुलीने दोन मिनिटांत आकडा काढला आणि नवं बिल छापलं. ५,८२६ भरले. पावती फळीवर.

लालफीत_निवृत्त (१६ एप्रिल, रात्री ८:१०)

छान. त्या पावतीची झेरॉक्स काढून ठेवा. हल्लीच्या मशीनच्या कागदावरची शाई वर्षभरात उडते, आणि पुढच्या आकारणीला कोराच कागद निघतो.